बिबट्या, ऊस आणि माणसाची सवय

जुन्नर म्हटले की मराठी माणसाला प्रथम शिवनेरी आठवतो आणि त्यामागोमाग नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणच्या बंदरांतून देशावर येणारा माल या घाटाने चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही आहे. शेजारचा आंबेगाव तालुका भीमाशंकरामुळे ओळखला जातो. मूळ आंबेगाव हे गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याला नाव त्याचे आणि कचेरी घोडेगावी, अशी आता स्थिती आहे. इतका जुना आणि इतका समृद्ध इतिहास असलेले हे दोन तालुके गेली पंचवीस वर्षे वर्तमानपत्रांत येतात ते मात्र निराळ्याच कारणाने. ते कारण म्हणजे बिबट्या. गावकरी त्याला सरळ ‘वाघ’ म्हणतात. या पंचवीस वर्षांचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. तो त्या जनावराचा जितका आहे त्याहून अधिक माणसाच्या वागण्याचा आहे, असे आमचे मत झाले आहे आणि त्याला कारणही आमच्याच आयुष्यातले आहे.

२००१ साली आम्ही नुकतीच गुरुदीक्षा घेऊन शेजारच्या जिल्ह्यातील एका ग्रामीण धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून गेलो होतो. गावात बिबट्याने एका रात्री कालवड ओढून नेली. दुसऱ्या दिवशी वनखात्याला द्यावयाचा अर्ज तयार झाला: ‘पिंजरा लावावा व वाघाचा बंदोबस्त करावा.’ शिकलेला माणूस म्हणून अर्जाचा मसुदा आमच्याकडे आला. आम्ही तो शुद्ध करून दिला आणि खाली आमची सहीही केली. पिंजरा आला, आत शेळी बांधली गेली आणि तिसऱ्या रात्री बिबट्या सापडला. पहाटे अख्खे गाव पाहायला लोटले. आम्हीही गेलो. पिंजऱ्याच्या गजांवर आपटून त्याचे तोंड रक्ताळले होते. ट्रक निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो कोठे नेणार, हे कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढे जुन्नरने दिले. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजी अमदानीत वाघ, बिबट्या, लांडगा ही जनावरे ‘उपद्रवी’ ठरवून त्यांना मारणाऱ्यास सरकारी बक्षीस दिले जाई. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दफ्तरांवरून काढलेला अंदाज असा की, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दीड लाखाहून अधिक बिबटे बक्षिसापोटी मारले गेले. आकडा वाचून आजच्या माणसाला धक्का बसतो, पण त्या काळी तो प्रगतीचा पुरावा मानला जात होता. स्वातंत्र्यानंतरही शिकार चालूच राहिली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि एका पिढीच्या आत बिबट्या उपद्रवी जनावराचा संरक्षित जनावर झाला. आज तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायदा बदलला, पण माणसाच्या मनातील चित्र बदलण्याचे काम कोणी अंगावर घेतले नाही. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले तेही मुख्यतः शेकरू या मोठ्या खारीचे नाव पुढे करून. बिबट्याची त्यात फारशी चर्चा नव्हती.

खरा बदल घडवला तो पाण्याने. कुकडी प्रकल्पाची धरणे एकामागून एक उभी राहिली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे. कालवे फिरले, चाऱ्या निघाल्या. ज्या जमिनीत बाजरी आणि मटकीपलीकडे काही पिकत नव्हते तेथे ऊस डोलू लागला. त्यामागून साखर कारखाने आले, जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर. दोन-तीन दशकांत लोकांची घरे पक्की झाली, मुले शिकली. या समृद्धीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. मात्र उसाने आणखी एक गोष्ट केली. वर्षाचे दहा-बारा महिने उभे राहणारे, पुरुषभर उंचीचे, गर्द आणि थंड, कडेला पाणी असलेले आणि आत माणूस क्वचितच शिरणारे असे एक नवे रान त्याने निर्माण केले. सभोवती कुत्री, डुकरे, शेळ्या आणि कोंबड्या. बिबट्याला याहून अधिक काय हवे? मादी उसात वीत गेली. त्या पिलांनी जंगल पाहिलेच नाही. त्यांचे जन्मगाव ऊस, आणि त्यांच्या पिलांचेही. ‘जंगले तोडली म्हणून बिबटे गावात आले’ हे वाक्य आपण सर्वजण सहज बोलून जातो. अंशतः ते खरेही आहे. जुन्नरपुरते मात्र बिबटे गावात आले नाहीत, ते गावात जन्मले, असे म्हणणे अधिक सत्य होईल.

आता २००१ सालाकडे येऊ. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. १९९३ ते २००१ या काळात तेथे बिबट्याने माणसावर केलेल्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला सुमारे चार होती. जनावर दिसले की पिंजऱ्याची मागणी, पुढाऱ्यांचा दबाव आणि वर्तमानपत्रांतील मथळे. या रेट्याखाली फेब्रुवारी २००१ पासून मोठ्या प्रमाणावर धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांपैकी २९ बिबटे जवळच्या डोंगरी जंगलांत, सरासरी चाळीसेक किलोमीटर अंतरावर नेऊन सोडले गेले. हेतू चांगलाच होता. जंगलातले जनावर जंगलात पोचवले, गावही सुटले आणि जीवही वाचला, अशी सर्वांची समजूत. पुढे घडले ते भयंकर होते. २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारावरून सतरावर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. बळी पडलेल्यांत लहान मुले होती. त्या दोन-तीन वर्षांत जुन्नरच्या वाड्यावस्त्यांनी काय भोगले हे आकड्यांवरून कळणार नाही.

याच सुमारास डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी या भागात काम करू लागले. पकडलेल्या बिबट्यांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूणचिठ्ठी बसवून तेच जनावर पुन्हा कोठे सापडते हे पाहणे, हल्ल्याच्या जागा नकाशावर मांडणे, गावकऱ्यांशी बोलणे, असे ते काम. त्यांचा पहिला अहवाल २००४ मध्ये आला आणि सविस्तर निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधा होता. हल्ले वाढले ते प्रामुख्याने बिबटे सोडलेल्या जागांच्या आसपास. पकडून सोडण्याचा उपायच हल्ले वाढवीत होता.

असे का व्हावे? बिबट्या एकटा राहणारा आणि आपल्या मुलखाला घट्ट धरून असणारा प्राणी आहे. त्याला पाणवठा कोठे, कुत्री कोठल्या वस्तीवर मोकळी असतात, माणसे केव्हा बाहेर पडतात, हे सर्व पाठ असते. माणूस दिसला की तो आधी दडतो. त्याला पकडले, गर्दीने दगड मारले, पिंजऱ्यात दात तुटले आणि अनोळखी मुलखात सोडले, की त्याचे हे सारे ज्ञान निरुपयोगी होते. मग तो एकतर घराकडे चालू लागतो किंवा वाटेत जे हाती लागेल ते धरतो. शिवाय त्याची रिकामी जागा रिकामी राहत नाही. तेथे दुसरा येतो, बहुधा तरुण आणि अननुभवी.

घराकडे चालणे म्हणजे काय याचे उदाहरण पुढे ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेल्या नराने दाखवले. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आले. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडीत, माणसाला कोठेही न दुखवता, त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास मजल मारली आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात मुक्काम केला. तो मुळातला कदाचित तिकडचाच असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला. २०११ च्या अखेरीस तो वाहनाच्या धडकेने मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

पिंजऱ्याने संकट वाढते हे दिसत असताना लोक, पुढारी आणि आम्ही सारे पिंजराच का मागत होतो? येथे वर्तनशास्त्राचा उपयोग होतो. सेमिनरीत मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला पाव्हलोवचा कुत्रा शिकवला गेला आणि त्यापुढे फारसे काही नाही. त्या शास्त्राने नंतर बरीच मजल मारली. माणूस हिशेबी प्राणी नसून सवयीचा, भीतीचा आणि शेजाऱ्याकडे पाहून वागणारा प्राणी आहे, हे डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर आदींनी प्रयोगांनी दाखवले. कानेमन यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इस्रायलमधील काही अभ्यासकांनी २००७ साली फुटबॉलच्या २८६ पेनल्टी किकांचा हिशेब मांडला. गोलरक्षक बहुतेक वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतो, पण मधोमध उभा राहिला असता तर त्याने अधिक गोल अडवले असते. मग तो उभा का राहत नाही? कारण उभे राहून गोल खाल्ला तर ‘काहीच केले नाही’ असे लोक म्हणतात आणि झेप घेऊन खाल्ला तर ‘प्रयत्न तरी केला’ म्हणतात. सेमिनरीच्या मैदानावर आम्ही दोन वर्षे गोलरक्षक होतो, त्यामुळे हा निष्कर्ष आम्हाला सप्रमाण पटला. पिंजरा ही वनखात्याची झेप होती आणि आमचा अर्ज हा प्रेक्षकांचा आरडाओरडा.

दुसरी गोष्ट भीतीच्या मापाची. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. रात्री उसाला पाणी देणाऱ्याचा पाय सापावर पडण्याची शक्यता बिबट्या भेटण्याच्या शक्यतेहून कितीतरी अधिक. तरी सापासाठी कोणी महामार्ग अडवत नाही. जे ठळक दिसते, पुन्हा पुन्हा सांगितले जाते, त्याचे भय मनात मोठे होते. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. शहरात बसलेली शिकलेली माणसे हा मुद्दा उचलून शेतकऱ्याला ‘अडाणी भीती’ म्हणून हिणवतात. ज्या आईच्या अंगणातून मूल उचलले गेले तिला सरासरी सांगू नये. ती भीती अडाणी नसते. प्रश्न तिचा उपयोग कोणत्या दिशेने करावयाचा एवढाच असतो.

जुन्नरच्या अनुभवानंतर दिशा हळूहळू बदलली. बिबटे पकडून सोडण्याचे प्रमाण घटले आणि नंतरच्या काही वर्षांत हल्लेही घटले. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पकडणे हा शेवटचा उपाय, गर्दी आवरणे हे पहिले काम आणि लोकशिक्षण हा कायमचा उपाय, असा त्यांचा आशय. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभे राहिले होते. तेथील पशुवैद्य आणि वनखात्याचे लोक मिळून एक काम करू लागले, ज्याचे आम्हाला फार कौतुक वाटते. ऊसतोडणीच्या हंगामात फडात पिले सापडतात. पूर्वी लोक ती उचलून घरी आणत, फोटो काढीत, कचेरीत नेऊन देत. मादी रात्रभर शोधत फिरे आणि तिच्या वाटेत येणाऱ्याची धडगत नसे. आता तोडणी थांबते, वनखात्याला निरोप जातो, पिले तपासली जातात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवली जातात. अंधारात मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. तोडणीचा एक दिवस बुडवून शेतकऱ्याने पिलाला हात न लावणे ही साधी गोष्ट नव्हे. एका प्रदेशाची सवय बदलली, असे येथे निश्चित म्हणता येते.

जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. अत्रेय यांनी पुढे जो अभ्यास केला त्यातून तर आणखी नवल निघाले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे राहत होते, आणि माणूस मारला गेल्याची नोंद त्या अभ्यासाच्या काळात नव्हती. ते खात काय होते? विष्ठेच्या तपासणीत आढळले की त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता आणि शेळ्यांचा केवळ ११ टक्के. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. याचे कारण कोणताही शेळ्या पाळणारा सांगेल. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रा मोकळा असतो. म्हणजे एक दार लावण्याची सवय बिबट्याचा आहार ठरवते. गावाच्या वेशीवर, ढाब्याच्या मागे, कत्तलखान्यापाशी आणि कोंबड्यांच्या शेडजवळ जो कचरा पडतो त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांवर बिबटे. बिबट्याचा बंदोबस्त पुष्कळ अंशी उकिरड्यावर सुरू होतो, पण उकिरडा हटवण्यासाठी अर्ज घेऊन कोणी ट्रक मागवीत नाही.

माणसाच्या बाबतीतही तेच. हल्ले बहुधा तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत होतात आणि त्यांत सापडतात ती लहान मुले, किंवा वाकून काम करणारी, शौचाला बसलेली माणसे. उभा माणूस बिबट्याला सावज वाटत नाही. बसलेला, वाकलेला माणूस त्याला बकरीएवढा दिसतो. म्हणून शौचालय हा बिबट्यावरील उपाय ठरतो. ग्रामस्वच्छतेसाठी महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने अभियान सुरू झाले. ते नाव योग्यच होते. गावात आल्यावर प्रथम झाडू हाती घेणारा आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तर काढणारा तो माणूस वर्तनशास्त्राचे एकही पुस्तक न वाचता ते शास्त्र जगला. फलक लावून माणूस बदलत नाही हे त्याला ठाऊक होते. मुंबईत वडाळ्याजवळ २०१० साली ‘फायनल माइल’ या संस्थेने रेल्वेरूळ ओलांडणाऱ्यांचे मृत्यू कमी करण्याचा प्रयोग केला, तोही याच जातीचा. तेथे त्यांनी दंडाची पाटी लावली नाही. काही स्लीपर पिवळे रंगवले, जेणेकरून येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कळावा. इंजिनाच्या एका लांब शिट्टीऐवजी दोन आखूड शिट्ट्या ठेवल्या आणि गाडीपुढे सापडलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे चित्र लावले. तेथील मृत्यू लक्षणीय घटले.

आमच्या वाचकांपैकी काहींना वाघोबाचे प्रकरण अवघड वाटेल, पण ते टाळता येत नाही. या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी आणि इतर आदिवासी समाज वाघबारस पाळतात. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी, शिवेवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवून आमच्या गुरांना सांभाळ असे मागणे घालतात. आम्हाला तरुणपणी शिकवले गेले होते त्यानुसार ही निव्वळ मूर्तिपूजा. आज आम्ही तिच्याकडे थोडे निराळे पाहतो. शिवेवर दगड आहे, म्हणजे अलीकडे माणसाचे आणि पलीकडे त्याचे, असा एक करार आहे. वर्षातून एकदा सर्व गाव त्या कराराची आठवण करते. त्या करारात बिबट्याने जनावर नेणे हे दुःख असते, पण अपमान नसतो. आपल्याकडेही असिसीकर संत फ्रान्सिसची गुब्बियोच्या लांडग्याची कथा आहेच. त्या कथेत लांडग्याला शहाणे करण्याबरोबर त्याला रोज खायला घालण्याचे वचन संताने नगरवासीयांकडून घेतले, ही गोष्ट प्रवचनात आपण बहुधा सोडून देतो. अर्थात उसाच्या पट्ट्यातील बागाइतदाराला वाघबारस सांगून भागणार नाही. त्याच्या शेतात शीवच उरलेली नाही, सर्व रान उसाचे आहे.

येथवर लिहिलेले वाचून वाटेल की उपाय सापडला. माणसाने सवयी बदलाव्यात: संध्याकाळी मुले आत घ्यावीत, गोठा बंद ठेवावा, रात्री एकट्याने फिरू नये, जाताना मोठ्याने बोलावे किंवा रेडिओ लावावा, बॅटरी जवळ ठेवावी. या सूचनांचे कागद गावोगाव वाटले गेले आणि त्यातील प्रत्येक ओळ खरी आहे. तरी आमचे समाधान होत नाही. ऊसतोड मजुरांची टोळी मराठवाड्यातून येते आणि फडाच्या कडेला पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोप्यांत राहते. आईबाप पहाटे चारला कोयता घेऊन निघतात, मूल कोपीत झोपलेले असते. त्या कोपीला दार नाही. ‘मुले आत घ्यावीत’ हे वाक्य त्या आईला कसे सांगावे? धनगर मेंढ्यांचा वाडा घेऊन शेताशेतांतून फिरतो आणि कुटुंबासह उघड्यावर निजतो. आणि शेतकरी रात्री शेतात का जातो? त्याला हौस नाही. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री वीज आली की दारे धरायला गेलेच पाहिजे. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ज्या गावात ती पोचते तेथे बिबट्याबद्दल एक शब्दही न बोलता माणसाचे वागणे बदलते. वर्तनशास्त्राचे भाषण नेहमी गरिबापुढेच का व्हावे? वीज कोणत्या प्रहरी द्यावयाची, तोडणी कामगारांना भिंतीची निवारा-घरे कोणी बांधावयाची, कचरा कोठे टाकावयाचा, हे ठरवणाऱ्यांचेही वर्तन असते आणि तेही सवयीचेच असते.

हे कर्ज २०२५ साली पुन्हा वसूल झाले. आंबेगावला लागून घोड नदीकाठी शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत ही गावे आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, तीन आठवड्यांत, तेथे एक लहान मुलगी, एक वृद्धा आणि एक तेरा वर्षांचा मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेले. ३ नोव्हेंबरला लोकांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यानंतर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. आम्ही त्यास पाप मानीत नाही. माणूस पुन्हा पुन्हा मारणारे जनावर मारावे लागते आणि कायद्यातही त्यास वाट आहे. पण त्यानंतर जे सुरू झाले ते पाहून आम्हाला २००१ आठवले. शेकडो पिंजरे मागा, सरसकट पकडा, दुसऱ्या राज्यात पाठवा. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास तर बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पनाही पुढे आली. उसात जन्मलेल्या आणि जंगल न पाहिलेल्या जनावराने शेळीच्या वासावर डोंगर चढून जावे अशी त्यामागील अपेक्षा असावी! काही बिबट माद्यांवर प्रायोगिक नसबंदी करण्यास केंद्राने मान्यता दिली. त्याचे फळ दिसण्यास वर्षे लागतील, पण निदान ते करून पाहण्यासारखे आहे.

पिंपरखेडच्या लोकांनी याच काळात स्वतःचा एक उपाय शोधला. बिबट्या मान धरतो, म्हणून खिळे लावलेले पट्टे गळ्यात घालून माणसे शेतात जाऊ लागली. छायाचित्रे सर्वत्र छापून आली. असा पट्टा आम्ही पूर्वी पाहिला होता, धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात.

त्या वर्षीच्या डिसेंबरात आम्ही मंचरच्या पुढे एका ओळखीच्या कुटुंबाकडे मुक्कामाला होतो. रात्री अकराच्या सुमारास वीज आली. यजमान उठले, कानटोपी घातली, बॅटरी आणि काठी घेतली. सूनबाईंनी ओट्यावर उभे राहून पितळी थाळी वाजवायला सुरुवात केली. आम्ही म्हणालो, “उद्या सकाळी पाणी दिले तर नाही का चालणार?” ते म्हणाले, “या आठवड्यात पाळी रात्रीचीच आहे, फादर. सकाळी लाइट जाते.” ते उसाच्या कडेने दिसेनासे झाले. थाळी थांबली की सूनबाई हाक मारीत आणि अंधारातून ‘ओ’ येई. मग पुन्हा थाळी. मोटारीचा आवाज सुरू झाला तेव्हा त्या आत आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही झोपा फादर, परत येतानाही वाजवावी लागते.”